चिठ्ठी, शीव आणि विमा

आरोग्य विम्यामुळे माणूस जास्त जगतो का? प्रश्न सरळ वाटतो, पण उत्तर शोधायला बसलो की तो हातातून निसटतो. विमा कोण घेतो ते आधी पाहा. ज्याच्याकडे हप्त्याचे पैसे आहेत तो घेतो. त्याचे घर हवेशीर असते, ताटात भाजी-डाळ असते, काम सावलीतले असते. तो जास्त जगला तर श्रेय विम्याला द्यायचे की ताटातल्या डाळीला? दुसरा घेतो तो धास्तावलेला माणूस. वडील हृदयविकाराने गेलेले, स्वतःची साखर वाढलेली. तो लवकर गेला म्हणून विमा निरुपयोगी ठरवायचा का? विमा असलेले आणि नसलेले हे दोन गट मुळातच वेगळ्या माणसांचे असतात. त्यांची नुसती तुलना करून हाती काहीच लागत नाही.

खात्रीचे उत्तर हवे असेल तर एकच वाट उरते. एकसारख्या हजारो माणसांतून डोळे मिटून काहींना विमा द्यायचा, बाकीच्यांना द्यायचा नाही आणि वाट पाहायची. औषधांची परीक्षा अशीच होते. पण आजारी पडू शकणाऱ्या गरीब माणसाला केवळ अभ्यासासाठी विम्याबाहेर ठेवायला कोण धजावेल?

२००८ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात नेमके हेच घडले. अभ्यासासाठी नव्हे, नाइलाजाने घडले. आणि त्यातून जे कळले ते अजूनही मला थक्क करते.

ओरेगनमध्ये गरीब प्रौढांसाठी सरकारी विम्याची एक योजना होती. वय १९ ते ६४, उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली आणि दुसऱ्या कोणत्याही सरकारी निकषात न बसणारी माणसे तिच्यात येत. पैसे कमी पडले म्हणून २००४ मध्ये नवीन नावे घेणे बंद झाले. जुने लाभार्थी हळूहळू गळत गेले आणि २००८ च्या सुरुवातीला हिशेब झाला, की आणखी सुमारे १०,००० माणसे सामावतील. मागणारे त्याच्या कितीतरी पट असणार हे उघड होते. जो आधी येईल त्याला द्यावे, तर रांगेत उभे राहायला सवड असलेल्याचे फावते. म्हणून राज्याने सोडत काढायचे ठरवले. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत यादी खुली होती. नाव, जन्मतारीख, संपर्काची माहिती एवढे दिले की झाले. फोनवरून, फॅक्सने, टपालाने, कशीही नोंद करता येई, पुरावा मागत नव्हते. यादीत ८९,८२४ नावे जमली. मार्च ते सप्टेंबर या काळात आठ सोडती निघाल्या आणि जवळपास ३०,००० कुटुंबांचा नंबर लागला.

म्हाडाच्या सोडतीत नाव निघाले म्हणजे घराची किल्ली मिळाली असे होत नाही, पुढे पात्रतेची कागदपत्रे असतात. ओरेगनमध्येही तसेच होते. नंबर लागलेल्याने ४५ दिवसांत अर्ज भरून पाठवायचा होता. सुमारे ६० टक्के लोकांनी तो पाठवला आणि त्यातले साधारण निम्मे अपात्र ठरले, बहुतेक उत्पन्नाच्या अटीवर. म्हणजे सोडतीत जिंकलेल्या दहांतले तिघेच अखेर विम्यात पोहोचले. ही गळती लक्षात असू द्या, पुढे तिचे काम पडेल.

एमआयटीच्या एमी फिंकलस्टाइन आणि तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या कॅथरीन बायकर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह या सोडतीचे मोल ओळखले. सोडतीला माणसाचे ताट दिसत नाही, त्याची भीती कळत नाही. त्यामुळे नंबर लागलेले आणि न लागलेले हे दोन गट वय, आजार, शिक्षण, सवयी अशा सगळ्यांत सरासरीने सारखे होते. फरक एकच, निघालेली चिठ्ठी.

इथे एक बारकावा आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो. जिंकूनही ज्यांनी अर्ज पाठवला नाही त्यांचे काय करायचे? त्यांना बाजूला काढून फक्त विमा मिळालेल्यांना मोजावे असे पटकन वाटते. पण वेळेत कागद भरणारा माणूस वेगळ्या घडणीचा असतो. तोच गोळ्याही वेळेवर घेतो. त्याला वेगळे काढले की सुरुवातीचीच चूक पुन्हा होते. म्हणून संशोधकांनी जिंकलेले सगळे एका बाजूला ठेवले, कागद भरलेले आणि न भरलेलेही. दुसऱ्या बाजूला हरलेले सगळे. दोन गटांत जो फरक दिसला तो विम्यात खरोखर आलेल्यांमुळेच पडला असणार, म्हणून त्यांच्या प्रमाणाने हिशेब वाढवून घेतला. चिठ्ठीची निष्पक्षता अशी शेवटपर्यंत जपली गेली.

पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. विमा मिळालेल्यांचे बाह्यरुग्ण विभागात जाणे सुमारे ३५ टक्क्यांनी वाढले, रुग्णालयात भरती होणे ३० टक्क्यांनी. बायकांच्या स्तनांच्या तपासण्या सुमारे ६० टक्क्यांनी वाढल्या. हे वाचताना डोळ्यांसमोर ती माणसे येतात जी दुखणे अंगावर काढत होती. गाठ लागते आहे हे महिनोन्‌महिने ठाऊक असलेली बाई तपासणीला गेली, असाही या आकड्याचा एक अर्थ. थकलेली वैद्यकीय बिले वसुलीवाल्यांकडे जाण्याचे प्रमाण चतुर्थांशाने घटले. उपचारांसाठी उसनवारी करणे किंवा दुसरी देणी थकवणे याचेही प्रमाण मोठे खाली आले.

त्याहून नवलाची गोष्ट वेळेची आहे. ‘तुमची तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ किंवा त्याहून चांगले उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण विमा मिळालेल्यांत स्पष्ट वाढले. पण ही वाढ दिसली कधी? पहिली पाहणी विमा लागू झाल्यानंतर महिनाभरात झाली, आणि वर्षअखेरीस दिसलेल्या सुधारणेचा जवळपास दोन तृतीयांश भाग तेव्हाच दिसत होता. एका महिन्यात कुणाचा कोणता आजार बरा होणार? त्या काळात डॉक्टरकडे जाण्याचे प्रमाणही फारसे वाढलेले नव्हते. उपचार अजून व्हायचे होते, पण रात्री आपल्या छातीत घरघर सुरू झाली तर काय, या धास्तीचे ओझे उतरले होते. माणूस त्यालाही तब्येतच म्हणतो, आणि त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

मग संशोधक प्रत्यक्ष शरीराकडे वळले. पोर्टलंड शहर आणि परिसरातल्या १२,२२९ लोकांच्या मुलाखती झाल्या. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर टिपले आणि वाळवून प्रयोगशाळेत पाठवले. त्या सुकलेल्या थेंबांतून कोलेस्टेरॉल आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळते. नैराश्यासाठी ठरावीक प्रश्नावली होती. सोडतीला तेव्हा सुमारे दोन वर्षे झाली होती.

मे २०१३ मध्ये आलेल्या या निष्कर्षांनी खळबळ उडाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सरासरी साखर या तिन्हींत ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. मधुमेहाचे निदान मात्र वाढले, त्यावरची औषधेही वाढली. नैराश्याच्या प्रश्नावलीत अडकणाऱ्यांचे प्रमाण हरलेल्यांच्या गटात ३० टक्के होते, ते विमा मिळालेल्यांत नऊ टक्केबिंदूंहून जास्त खाली आले. आणि उत्पन्नाचा ३० टक्क्यांहून मोठा भाग दवाखान्यात घालवावा लागण्याची आपत्ती जवळजवळ नाहीशीच झाली.

‘बघा, विम्याने शरीर सुधारत नाही,’ असे अनेकांनी तेव्हा म्हटले. हा निष्कर्ष घाईचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. पाहणीत वाढलेला रक्तदाब होता सुमारे १६ टक्के लोकांना, वाढलेली साखर ५ टक्क्यांना. बाकीच्यांत सुधारण्यासारखे काही नव्हतेच. इतक्या थोड्या माणसांत दोन वर्षांत झालेला बदल एवढ्या मोठ्या गर्दीच्या सरासरीत उमटणे अवघड. काही फरक झाला असेल तर तो दिसण्याएवढी ताकद या मोजपट्टीत नव्हती. आणि नैराश्य हे शरीराबाहेरचे काही नसते. ज्या घरात कुणी महिनोन्‌महिने अंथरुणातून उठत नाही त्या घराला ते विचारावे.

तिसरा धक्का जानेवारी २०१४ मध्ये बसला. गरिबांना विमा मिळाला की ते साध्या डॉक्टरकडे जातील आणि इस्पितळाच्या कॅज्युअल्टीतली गर्दी ओसरेल, असे धोरणकर्ते कितीतरी वर्षे सांगत आले होते. घडले उलटे. विमा मिळालेल्यांच्या कॅज्युअल्टीतल्या फेऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. पण दार उघडले की माणसे सगळ्याच दारांनी आत येणार. दिवसभर राबणाऱ्याला डॉक्टरची वेळ मिळत नाही, रात्री उघडे असते ते कॅज्युअल्टीचेच दार.

जगण्या-मरण्याचा मूळ प्रश्न ओरेगनला सोडवता आला नाही. मध्यमवयीन माणसांत एका वर्षात मृत्यू सुदैवाने थोडे असतात, आणि त्यातला फरक पकडायला हजारो माणसे पुरत नाहीत, लाखो लागतात. ती लाखो माणसे एका टपालातून मिळाली.

अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य कायद्याने विमा नसलेल्यांवर कराबरोबर दंड बसवला होता. असा दंड भरणाऱ्या सुमारे ४५ लाख कुटुंबांना कर खात्याने पत्र पाठवायचे ठरवले. तुम्ही दंड भरला आहे, विमा घ्यायचा तर इथे चौकशी करा, असा त्यातला साधा मजकूर. पण पैसे पुरेनात. म्हणून २०१७ च्या सुरुवातीला ३९ लाख कुटुंबांना पत्रे गेली आणि बाकीची सहा लाखांच्या आसपास कुटुंबे कोणताही क्रम न लावता वगळली गेली. पुन्हा तीच चिठ्ठी, पण कितीतरी मोठी. जेकब गोल्डिन, इथाय ल्युरी आणि जॅनेट मॅककबिन यांनी नंतर नोंदी तपासल्या. पत्र मिळालेल्यांत विमा घेणारे वाढले होते. आणि ४५ ते ६४ वयोगटात, आधीच्या वर्षी विमा नसलेल्यांत, पत्र गेलेल्या दर १,६४८ माणसांमागे पुढच्या दोन वर्षांत एक मृत्यू कमी झाला होता. अशा अंदाजात थोडे मागेपुढे होण्याला बरीच जागा असते. तरी विचार करा. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. पाकिटातला एक कागद, ज्यात विमा कुठे मिळेल एवढेच लिहिले होते, आणि कुठेतरी कुणाची पन्नाशीतली आई वाचली.

हे सारे तिकडचे. आपल्याकडे असे काही मोजले गेले आहे का? गेले आहे आणि फार दूर नाही, कर्नाटकात.

२०१० मध्ये कर्नाटक सरकारने वाजपेयी आरोग्यश्री ही योजना आणली. हृदयविकार, कर्करोग असे मोठे आणि महाग आजार, दारिद्र्यरेषेखालची कुटुंबे, हप्ता शून्य, दवाखान्यात भरायचे पैसे शून्य. सुरुवात झाली ती उत्तरेकडच्या गुलबर्गा आणि बेळगाव या दोन महसुली विभागांत, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणीची गरीब मराठी कुटुंबेही पहिल्यांदा लाभ मिळालेल्यांतच होती. दक्षिणेतल्या विभागांना थांबावे लागले. त्यामुळे राज्याच्या मध्यातून एक अदृश्य रेघ तयार झाली. हावेरी रेघेच्या अलीकडे, दावणगेरे पलीकडे. रेघेला लागून असलेली गावे सगळ्या बाबतींत सारखी. पाऊस तोच, ज्वारी-मका तोच, बाजारहाट एकमेकांत. शिवेच्या एका बाजूला छातीत कळ आली तर बायपास फुकट, दुसऱ्या बाजूला त्याच कळेसाठी जमीन गहाण.

नीरज सूद आणि सहकाऱ्यांनी या रेघेच्या दोन्ही अंगांची ५७२ गावे घेतली. योजनेतली ३००, योजनेबाहेरची २७२. साठ हजारांहून जास्त घरांत जाऊन विचारणा झाली. घरात कोण गेले, कशाने गेले, दवाखान्यात किती खर्च आला. निष्कर्ष २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. योजनेत बसणाऱ्या आजारांनी गेलेल्यांचे प्रमाण पलीकडच्या गरीब कुटुंबांत ०.९० टक्के होते आणि अलीकडच्या गरीब कुटुंबांत ०.३२ टक्के. मोठ्या रुग्णालयात भरती झाल्यावर खिशातून जाणारा पैसाही ६४ टक्क्यांनी कमी झाला होता.

शंका येणारच. अलीकडच्या गावांत रस्ते बरे असतील, पाणी स्वच्छ असेल. याचे उत्तर त्याच गावांतल्या दुसऱ्या घरांनी दिले, आणि हा या अभ्यासातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. दारिद्र्यरेषेच्या वरची कुटुंबे दोन्ही बाजूंना होती आणि त्यांना योजना कुठेच लागू नव्हती. त्यांच्यातले मृत्यूंचे प्रमाण एका बाजूला ०.५६ टक्के, दुसऱ्या बाजूला ०.५५. रेघ ओलांडली तरी काही बदलले नाही. रस्ते किंवा पाणी कारण असते तर शेजारच्या घरांतही फरक पडला असता. फरक पडला तो फक्त ज्या घरात योजना पोहोचली तिथे. ही सोडत नव्हती, त्यामुळे ओरेगनइतकी घट्ट खात्री इथे नाही. पण तुलनेची ही चतुराई थक्क करणारीच आहे.

आता ती गळती आठवा. ओरेगनमध्ये जिंकलेल्या दहांतले चौघे कागदांच्या वाटेवरच राहिले, तिघे अपात्र ठरले. वाजपेयी आरोग्यश्रीत अर्ज नव्हता, नोंदणी नव्हती. घरात दारिद्र्यरेषेखालचे कार्ड आहे, म्हणजे तुम्ही आत. शिवाय गावोगावी तपासणी शिबिरे होत आणि आरोग्यमित्र रुग्णाला हाताला धरून पुढे नेत.

ही सोय नसली तर काय होते, तेही कर्नाटकातच दिसले. गुलबर्गा आणि म्हैसूर भागातल्या ४३५ गावांत १०,८७९ कुटुंबांवर राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेची खरीखुरी चिठ्ठी टाकून परीक्षा झाली. अनुप मालानी आणि सहकाऱ्यांचे हे काम वर्षानुवर्षे चालले. ही योजना कुटुंबामागे वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच्या भरतीचा खर्च देई आणि तिला स्मार्ट कार्ड लागे. फुकट मिळतो म्हटल्यावर जवळपास ऐंशी टक्के कुटुंबांनी विमा घेतला. पण वापरायला गेलेल्यांतल्या पुष्कळांना तो वापरताच आला नाही. कार्ड घरी राहिले, कार्ड कसे दाखवायचे ते माहीत नव्हते, रुग्णालयाने स्वीकारले नाही. तब्येतीत म्हणावा असा फरक दिसलाच नाही. तेच राज्य, तशीच खेडी, विमा दोन्हीकडे. एका ठिकाणी तो खाटेपर्यंत पोहोचला, दुसऱ्या ठिकाणी ट्रंकेत राहिला.

महाराष्ट्रातही अशी रेघ काही काळ होती. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, सोलापूर, धुळे, नांदेड, अमरावती आणि गडचिरोली. उरलेल्या जिल्ह्यांना नोव्हेंबर २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर चालणारी ही योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना, वर्षाला पाच लाखांपर्यंत, लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. म्हणजे आता शिवेपलीकडे कुणी उरले नाही. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मनापासून मोठी म्हणावी.

पण पहिल्या आठांतले दोन जिल्हे शेजारी ठेवून पाहा. मुंबईत योजनेतले रुग्णालय शोधायला लोकलचे तिकीट पुरते. भामरागडहून नुसते गडचिरोली शहर दीडशे किलोमीटरहून लांब आहे आणि अँजिओप्लास्टीसाठी बहुतेकांना त्याच्याही पुढे नागपूर गाठावे लागते. तिथे पोहोचल्यावर काउंटरवरचा आरोग्यमित्र शिधापत्रिका पाहतो, ओळखपत्र पाहतो, मग उपचाराची पूर्वमंजुरी मागवली जाते. शस्त्रक्रियेचे पैसे योजना देते. नागपूरपर्यंतची गाडी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि त्याचे जेवण या खर्चाला वेगळा हिशेब नाही.

कर्नाटकातली रेघ नकाशावर काढता आली म्हणून मोजता आली. इथली रेघ किलोमीटरांत आहे, आणि तीही मोजता येण्याजोगी आहे. योजनेतल्या प्रत्येक मंजुरीमागे एक रुग्ण असतो, त्याचे गाव असते आणि उपचार करणारे रुग्णालय असते. लोकसंख्येच्या प्रमाणात भामरागड, एटापल्ली, धडगाव, मोखाडा या तालुक्यांतून किती हृदयरुग्ण या यादीत येतात आणि मुंबई-पुण्यातून किती, हा तक्ता मला पाहायचा आहे. हृदयविकार तर दोन्हीकडे होतोच.